मुलांचा पहारेकरी कोण नेमतो: महाराष्ट्र आणि स्कॉटलंड

महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचं कार्यालय आपल्या मुंबईतच आहे. 2005 च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं, तीन जणांच्या निवड समितीच्या शिफारशीवरून. त्या समितीच्या अध्यक्षस्थानी कोण? बालकांचं खातं सांभाळणारे मंत्रीच! मुदत तीन वर्षं, दोनदाच मिळू शकते.

स्कॉटलंडमध्ये मुलांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या बाल आयुक्ताचं नाव तिथली संसद सुचवते, नेमणूक राजाच्या नावे होते. मुदत एकदाच, जास्तीत जास्त आठ वर्षं. संसदेचा विश्वास उडाला म्हणून काढायचं तर दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. आरटीईवर, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यावर, देखरेख ठेवणं हे याच आयोगाचं काम. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनेच नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट. धारावीत घरकाम करणाऱ्या आईने लेकरासाठी कागदपत्रं गोळा करून ठेवलेली, आणि जवळची खासगी शाळा यादीतूनच गायब, असा त्याचा अर्थ. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अशा वेळी सरकारला जाब विचारायचा तो त्याच सरकारने नेमलेल्या माणसाने, तेही पुढची मुदत त्यांच्याच हातात असताना. माणूस कितीही सचोटीचा असो, ही अपेक्षा अवघडच.

मला स्कॉटलंडची पद्धत उजवी वाटते, मुख्यतः त्या एकाच मुदतीमुळे. निदान निवड समितीवरून मंत्र्यांना हटवून तिथे निवृत्त न्यायाधीश बसवायला काय हरकत आहे?