फ्लॅटमॅप वापरावे की मॅपनंतर फ्लॅट?

दारव्हा तालुक्यातील एका जिनिंगसाठी कापूस खरेदीचा हिशेब ठेवणारा छोटा जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहिताना हा प्रश्न माझ्यापुढे आला. प्रत्येक शेतकऱ्याच्या नोंदीत त्याच्या वेच्यांची यादी होती आणि प्रत्येक वेचा म्हणजे वजन व भाव यांची जोडी होती; दिवसाअखेरीस या सगळ्यांची एकच सलग यादी हवी होती. जावास्क्रिप्टमध्ये मॅप यादीतील प्रत्येक घटकावर काम करून नवी यादी देते, फ्लॅट यादीच्या आतल्या याद्यांचे थर उलगडते आणि फ्लॅटमॅप ही दोन्ही कामे एकदम करते.

रिड्यूसने एकेक नोंद घेत कॉन्कॅटने याद्या जोडत जाण्याचा जुना मार्ग मी लवकरच सोडला, कारण त्यात प्रत्येक फेरीला आधीची सगळी यादी नव्याने नकलली जाते.

मॅपनंतर फ्लॅट लिहिले की दोन्ही पायऱ्या वेगळ्या दिसतात आणि मधली यादी कन्सोलवर पाहून घेता येते, ही सोय मला आजही मोलाची वाटते. मात्र फ्लॅटला खोली, म्हणजे किती थर उलगडायचे ते, सांगता येते आणि माझे काम तिथेच बिघडले. जुन्या फाईलमधील नोंदींत एखादा थर जास्त असेल, या शंकेने मी खोली म्हणून इन्फिनिटी, म्हणजे असतील तेवढे सगळे थर, असे लिहिले. एका शेतकऱ्याचे वेचे होते [[4.2, 7100], [3.8, 7050]]. फ्लॅटने वेच्यांच्या जोड्याही फोडल्या आणि 4.2, 7100, 3.8, 7050 असे चार सुटे आकडे हाती आले. पुढचा कोड प्रत्येक जोडीतला पहिला आकडा वजन म्हणून उचलत होता. सुट्या आकड्यातून त्याला काहीच मिळेना, म्हणून आठ क्विंटलच्या जागी पावतीवर ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) छापून आले. चूक सापडेपर्यंत तो शेतकरी काट्याजवळ बंडी उभी करून अंधार पडेस्तोवर थांबला होता.

फ्लॅटमॅप खोली विचारतच नाही. ते एकच थर उलगडते, त्यामुळे जोड्या शाबूत राहतात. शिवाय ओलाव्यामुळे परत गेलेल्या कापसासाठी फ्लॅटमॅपला दिलेल्या फंक्शनमधून रिकामी यादी परत केली की ती नोंद आपोआप गळते आणि वेगळे फिल्टर लिहावे लागत नाही. फ्लॅट आणि फ्लॅटमॅप या दोन्ही पद्धती ईएस 2019 या जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीतल्या आणि क्रोम 69 पासूनच्या आहेत. विंडोज 7 वर क्रोमची 109 पर्यंतची आवृत्ती चालते, म्हणून जिनिंगमधील जुन्या संगणकावरही अडचण आली नाही.

तुमच्या नोंदींत खरोखरच दोन थर उलगडायचे असतील, तर फ्लॅट घेणेच बहुधा योग्य ठरेल. फक्त तिथे इन्फिनिटीऐवजी स्पष्ट 2 लिहावे, असे मला वाटते.