शिळफाट्याची जुन्या दरवाजांची वखार

कळव्यातलं आमचं घर १९९४ सालचं. वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर नऊ बाय सात फूट. ओट्याखालची प्लायची दारं पाणी पिऊन खालून पार फुगली होती, बिजागऱ्या हातात येत होत्या आणि मागच्या पावसाळ्यात तर आतून काळी बुरशी धरली. कंत्राटदाराने नुसत्या स्वयंपाकघराचा अंदाज १ लाख ४० हजार दिला. मी आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं की हे आपणच करायचं. अप्पा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात तीस वर्षं पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या विभागात होते, लाकूड त्यांच्या हातातलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लाकडातलं मला काही कळत नव्हतं, पण मोजायचं आणि वहीत लिहायचं हे अंगवळणी पडलेलं. काम अडीच महिने चाललं, सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी. सगळं मिळून ४१ हजार ६०० रुपये लागले. एवढ्यात भागलं ते मुख्यतः एका वखारीमुळे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

मुंब्रा-कौसा मागे टाकून शिळफाट्याला आलात की महापेकडे वळायचं. तिथून थोडं पुढे डाव्या हाताला निळ्या पत्र्याची शेड दिसते. पाटीवर दुकानाचं नाव नाही, ‘जुने दरवाजे, खिडक्या, टाइल्स, कडप्पा’ एवढंच. बाहेर भिंतीला टेकवून खिडक्यांचे गज आणि ग्रिल उभे केलेले असतात, त्यावरून ओळखता येते. स्कूटीवरून जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर फाट्यावर कंटेनरच्या रांगेत अर्धा तास जातो.

इथला माल कुठून येतो हे कळलं की भाव का कमी ते लक्षात येतं. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी भागात जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जातायत. इमारत पाडण्याचं काम घेणारा ठेकेदार आतलं लोखंड, लाकूड, ग्रिल हे सगळं स्वतःच्या हिशेबात धरूनच काम घेतो आणि मग असा वखारवाल्यांना विकतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतींत घराच्या आतल्या दारांनासुद्धा सागवान वापरलेलं असायचं. आज ते नवीन घ्यायला गेलं तर आपल्यासारख्यांना परवडत नाही. दुसरा माल घोडबंदर रोडवरच्या नव्या प्रकल्पांतून उरलेल्या टाइल्सचा. बिल्डर शेवटी उरलेले खोके एकगठ्ठा काढून टाकतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तिथे नुसती धूळ आणि ढीग दिसले. अप्पा मात्र पन्नास-साठ दारांच्या रांगेत शिरले आणि एकेक दार पुढे ओढून त्याची खालची कड बघायला लागले. वरून ऑइलपेंटचे इतके थर असतात की खाली कुठलं लाकूड आहे कळत नाही. पण दाराच्या तळाच्या कडेला रंगाऱ्याचा ब्रश सहसा पोचत नाही. अप्पांनी खिशातल्या चाकूने तिथे नखाएवढी साल काढली आणि मला म्हणाले, “वास घे.” मी वाकून वास घेतला. चामड्याच्या नव्या चपलेसारखा, थोडा तेलकट. “हा साग. आता त्या शेजारच्याचा घे.” त्याला काहीच वास नव्हता, फक्त धूळ. दिसायला दोन्ही दारं अगदी सारखी, त्याच हिरव्या रंगाची.

मग त्यांनी बोटांच्या पेरांनी खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिलं. मोरीच्या दाराची खालची आडवी पट्टी जवळजवळ नेहमी कुजलेली असते, तिथे आवाज बदबद येतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली की ते दार सोडून द्यायचं, भुंगा लागलेला असतो आणि तो तुमच्या घरात येईल. वाळवीची माती निघाली तरी तेच. दोन तासांत आम्ही दोन दारं बाजूला काढली, साडेसहा बाय अडीच फुटी, पॅनेलची, उभ्या पट्ट्या साडेचार इंच रुंद आणि दीड इंच जाड. एकेकाचे ३,८०० सांगितले, दोन्ही मिळून ७ हजारांना दिली. मालक मूळचे महाडकडचे, मराठी छान बोलतात. आम्ही साल काढून बघत होतो तर एकदाही हटकलं नाही. उलट म्हणाले, “बघून घ्या ताई, घरी नेल्यावर बघितलं तर दोघांनाही त्रास.”

दारं घरी आणली तरी लगेच वापरता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. लाकूड उभं चिरून घ्यायला सॉ-मिलवर न्यावं लागतं आणि आत खिळा असेल तर मिलवाला हात लावत नाही, कारण एका खिळ्याने त्याचं पातं जातं. अप्पांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवलं. चुंबक जिथे ओढ खाईल तिथे मी खडूने फुली करत गेले. दोन दारांतून ४३ खिळे आणि स्क्रू निघाले, त्यातले काहींची डोकी रंगाखाली पूर्ण बुजलेली. यातच दोन रविवार गेले.

रंग काढताना मात्र अप्पांचं ऐकलं नाही. त्यांना सरळ काचकागदाने घासायचं होतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ही दारं त्याच्या कितीतरी आधीची. कोरडं घासलं की ती धूळ नाकातोंडात आणि जमिनीवर जाते, आणि लहान मुलांना तिचा त्रास सगळ्यात जास्त होतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे. लॅबमध्ये रक्तातल्या शिशाचे रिपोर्ट माझ्या हाताखालून गेलेत, म्हणून यात मी तडजोड केली नाही. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीने रंग खरवडला, उरलेला वॉटरपेपरने ओला करून घासला, तेही गच्चीवर, मास्क आणि हातमोजे घालून. खाली जुना प्लास्टिकचा कागद अंथरला आणि निघालेला लगदा त्यातच गुंडाळून बांधला. हीट गनने रंग लवकर निघतो असं बरेच जण सांगतात, पण जास्त तापवलं तर शिशाची वाफ होते, म्हणून ती वापरली नाही. आधी हिरवा, त्याखाली क्रीम, त्याखाली चॉकलेटी, आणि चॉकलेटीच्या खाली लाकूड. अप्पांनी त्यावर रंधा फिरवला तेव्हा मधासारखा रंग वर आला आणि सगळ्या गच्चीवर तो चामड्यासारखा वास पसरला. खालच्या मजल्यावरच्या काकू कसला वास म्हणून वर बघायला आल्या.

त्या चार उभ्या पट्ट्या मधून चिरून ओट्याखालच्या चार दारांच्या चौकटी झाल्या. जुन्या दाराची पॅनेल कापून त्यातच बसवली. उरलेल्या लाकडाचं भिंतीला लागणारं घडीचं टेबल झालं, मुलगी त्यावर अभ्यास करते.

आता टाइल्स. वखारीत मागच्या बाजूला खोके असतात, पण तिथे फार सावध राहावं लागतं. दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल्स येतात, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट. आमची जमीन ६३ फूट, तुटफूट दहा टक्के धरून पाच खोके लागत होते. एकसारखे दिसणारे सात खोके होते. मी प्रत्येकावरचा लॉट नंबर आणि शेड बघितली तर त्यातले दोन वेगळ्या लॉटचे निघाले. हे बघायची अक्कल मला आधीच्या अनुभवाने आली. बाथरूमच्या वेळी ठाण्यातल्या एका दुकानातून टाइल्स घेतल्या होत्या, तिथे दोन लॉट एकत्र आले. भिंतीवर लावल्यावर अर्धी भिंत पांढरी आणि अर्धी पिवळसर दिसायला लागली, आणि दुकानदार बदलून द्यायला तयार झाला नाही. इथे मालकांनी स्वतःहून ते दोन खोके बाजूला काढले. दुसरी तपासणी म्हणजे दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरायच्या आणि कडेने उजेडाकडे बघायचं. मध्ये फट दिसली किंवा एका कोपऱ्यावर डुलली तर टाइल वाकलेली आहे, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, बसवताना कडा वरखाली होतात. आम्हाला २८ रुपये फुटाने मिळाल्या, तशाच टाइल्स दुकानात ५२ सांगत होते. घरी खोके उघडल्यावर दोन टाइल्स कोपऱ्याला फुटलेल्या निघाल्या. फोन केला, पुढच्या वेळी गेले तेव्हा काहीही न विचारता बदलून मिळाल्या.

जुनी लादी न फोडता त्यावरच चिकटवल्या, त्यामुळे मलबा दोन मजले उतरवायचा खर्च आणि सोसायटीची कटकट दोन्ही वाचलं. त्यासाठी टाइलवर टाइल बसवायचा अॅडहेसिव्ह वेगळा येतो, तो नवाच आणि बिलाने घ्या. जुनी लादी आधी ठोकून बघा, पोकळ वाजली तर ती काढावीच लागते. जमीन अर्धा इंच वर आली, त्यामुळे दार खालून घासावं लागलं.

कडप्प्यासाठी तर या वखारीला तोडच नाही. जुन्या ओट्यांचे कडप्पे ४५ रुपये फुटाने मिळतात, वर्षानुवर्षं तेल-हळद प्यालेले, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ओट्याखाली प्लायच्या कप्प्यांऐवजी आम्ही कडप्प्याच्या फळ्या टाकल्या. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. घेताना पाणी ओता, केसासारखी भेग असेल तर ती रेष बाकीचा दगड वाळला तरी ओली राहते. चार बाय दीडची एक फळी चाळीस किलोच्या आसपास भरते, हे घरी बसून लक्षात येत नाही. एकदा कापून दिलेला दगड ते परत घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, म्हणून माप दोनदा घेऊन जा.

नळ, स्विच, वायर, गीझर या वखारीत घेऊ नका. ते असतं, स्वस्तही असतं, पण आत काय झिजलंय ते दिसत नाही आणि जिवाशी खेळ होतो. प्लायसुद्धा इथला घेऊ नका. वरच्या कपाटासाठी आम्ही नवा मरीन प्लाय घेतला, आयएस ७१० चा शिक्का आणि आयएसआय मार्क बघून. तुर्भ्याच्या आयकियातही चक्कर मारली. भांड्यांची दांडी, आकडे आणि ओट्यावरचा दिवा तिथून आणला, अजून उत्तम आहेत. कपाटं मात्र आमच्या ७१ सेंटीमीटरच्या खाचेत बसणारी नव्हती. जुन्या इमारतींची मापं अशीच असतात, म्हणून हाताने बनवणं भाग पडतं.

खर्चाचा खरा हिशेब टेम्पोवर अवलंबून आहे. शिळफाटा ते कळवा छोट्या हत्तीने १,४०० घेतले, वर दोन मजले चढवायची हमाली ९००. आमचा नुसत्या टाइल्सवरचा फायदा १,८६० रुपयांचा होता, म्हणजे फक्त टाइल्ससाठी गेलो असतो तर उलट पदरचेच गेले असते. दारं, टाइल्स, कडप्पा एकाच फेरीत आणले म्हणून परवडलं. आधी स्कूटीवर जाऊन माल निवडा, त्यावर खडूने नाव घाला, थोडी आगाऊ रक्कम द्या. पंधरा दिवस ते ठेवतात, आमचा ठेवला.

गैरसोयीही आहेत. पावसाळ्यात अंगणात घोट्यापर्यंत चिखल, आणि दारं ताडपत्रीखाली असली तरी ओल धरतात. जूननंतर लाकूड घेऊ नका, घेतलंच तर महिनाभर सावलीत वाळवा. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. पैसे यूपीआयने चालतात, पण हातात मिळते ती साधी चिठ्ठी, जीएसटीचं बिल नाही. मी मागितलं तेव्हा जुन्या मालाला नसतं असं उत्तर मिळालं, ते मला पटलं नाही.

रंधा मारताना एका चौकटीच्या सांध्यावर पटाशीने पाडलेल्या तीन बारीक खुणा दिसल्या. अप्पा म्हणाले, सुतार जोड चुकू नये म्हणून अशा खुणा करतात, हा त्या मूळ सुताराचा तिसरा सांधा. त्यावरून रंधा फिरवायचा राहू दिला. सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात ती खूण आहे.

आता बाल्कनीची खिडकी राहिलीये. मालकांचा परवा फोन आला होता, दिवाळीनंतर पाचपाखाडीतली एक इमारत उतरतेय, त्यात सागवानी खिडक्या आहेत. माप मी पाठवलंय, ४८ बाय ४२ इंच.