मोजून जेवायचं की भुकेनं?

डाएट सोडू का, असं विचारणाऱ्या मैत्रिणी हल्ली वाढल्यात. मी साडेतीन वर्षं कॅलरी मोजून जेवले, गेली दोन वर्षं मोजत नाही. डॉक्टरांनी मधुमेहासाठी वगैरे आहार आखून दिला असेल तर माझं मुळीच ऐकू नका. बाकीच्यांनी ऐकून सोडून द्या.

मोजल्याने वजन उतरतं. चार महिन्यांत माझे सहा किलो गेले. ठाण्यात राम मारुती रोडवरच्या दुकानांत हवा तो कुर्ता अंगात बसायचा, लोकलच्या डब्यात बायका विचारायच्या, "काय गं, काय करतेस?" ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सात किलो परत आले, मग पुन्हा पहिल्यापासून.

मला नडली ती आमटी. अ‍ॅपमध्ये पिझ्झाच्या तुकड्याचा आकडा तयार असतो, आमच्या चिंचगुळाच्या आमटीचा नाही. 'एक वाटी डाळ' भरायची, पण वाटी कुठली? घरात तीन मापांच्या आहेत. फोडणीत तेल किती? सासूबाई अंदाजाने ओततात. एका संध्याकाळी मी चमचा घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. दुसऱ्या चमच्याला त्यांनी हात थांबवला. "खानावळ काढलीयेस का गं?" म्हणाल्या हसतच, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी बिनफोडणीचं वरण वेगळ्या पातेलीत येऊ लागलं. चार माणसांच्या घरात माझी एकटीची पातेली. त्याचे मी १८० लिहायचे आणि रात्री पडल्या पडल्या वाटायचं, २२० तर नसतील?

उपाशी माणसाचं डोकं असंच चालत असावं. १९४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांना खाण्याशिवाय काही सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ते पुरुष, मी पाच फूट एक इंच, त्यामुळे तुलना सरळ नाही. पण माझं अ‍ॅप मला १२०० द्यायचं आणि मी ठाणे ते दादर बासुंदीचे व्हिडिओ बघायचे. ज्या 'बीएमआय'च्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याच्या धाकाने हे सगळं चाललं होतं, ते नाव १९७२ साली दिलं तेही याच कीज यांनी!

न मोजणंही सोपं नाही. पहिले दोन महिने फरसाणाचा डबा मीच रिकामा करायचे. भूक कुठली आणि कंटाळा कुठला, हे कळायलाच वेळ गेला. वजन तीन किलोंनी वाढलं आणि तिथेच थांबलं. कौतुक कोणी करत नाही, उलट लग्नात मावशी "जरा भरलीस हं" म्हणून जाते. रोज आकडा बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांना हे मानवेल असं नाही. आणि दिवसभर उपास, रात्री लपून खाणं असं चाललं असेल, तर मैत्रिणीपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाला विचारलेलं बरं. माझ्यापुरतं म्हणाल, तर कचराळी तलावाला फेऱ्या मारताना मी आता पावलांतून पोळ्या वजा करत नाही. आणि आमटी सगळ्यांची एकाच पातेल्यात होते.

पूर्वी ब्लाउज मुद्दाम घट्ट शिवून घ्यायचे, 'होईनच बारीक' म्हणून. परवा त्यातला हिरवा नौपाड्यातल्या शिंप्याकडे नेला. त्याने तो उलटा करून शिवण चाचपली. "ताई, माया चिक्कार आहे की आत," म्हणाला आणि उसवायला घेतला.