पारसिक बोगद्यात वाफेचं इंजिन बरं की विजेचं?

ठाण्याहून दिव्याकडे जाताना 1916 सालचा, सुमारे 1.3 किलोमीटरचा पारसिक बोगदा लागतो. इथे माझं मत विजेच्या बाजूने.

वाफेच्या एक्स्प्रेसला फायरमनने कोळसा आधीच पातळ पसरून आग लख्ख ठेवायची. बोगद्यात ताजा कोळसा टाकला की धूर थेट कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या खोलीत. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरही नजर हवी. फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, छतावरचं पाणी उतरलं की शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. थंड बॉयलर तापवायला कित्येक तास. घाई केली तर पत्रे असमान फुगून स्टे, म्हणजे पत्र्यांना जोडून धरणारे दांडे, गळू लागतात. केवढी ती निगा!

विजेच्या इंजिनाचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, वर केला की काम सुरू. मात्र तार तुटली तर ते जागीच अडतं. वाफेचं इंजिन आपलं कोळसा-पाणी सोबत घेऊन चालतं.