थेट मंजुरी की आयोगापुढे सुनावणी?

बांधकाम प्रस्ताव तपासायच्या दोन पद्धती आहेत, आणि निवड चुकली की शहर अनेक वर्षं त्याची किंमत मोजतं.

थेट मंजुरीत उंची, सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग, जमिनीचा वापर हे सगळं आधीच ठरलेलं असतं. नकाशा नियमात बसला की शहराच्या नियोजन खात्याचे कर्मचारी सही करतात. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये असे नियम शहरभर लागू केले आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड खटल्यात झोनिंग, म्हणजे वापरानुसार जमिनीचे विभाग पाडून त्यांना नियम लावणं, वैध ठरवलं.

शहराच्या नियोजन आयोगापुढच्या सुनावणीची वाट लांबची. शेजाऱ्यांना नोटीस, कर्मचाऱ्यांचा अहवाल, मग जाहीर बैठक आणि मतदान. आयोग अटी घालू शकतो: गाड्यांचं प्रवेशद्वार हलवा, वरचे मजले रस्त्यापासून मागे सरकवा. जमिनीचा झोन (विभाग) बदलायचा असेल तर आयोग बहुधा शिफारसच करतो. अंतिम शब्द निवडून आलेल्या नगर परिषदेचा. (ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्यापासून परवानगी मुळातच प्रकरण पाहून दिली जाते.)

सुनावणीतून कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी कळतात, उदाहरणार्थ पावसात पाणी कुठे तुंबतं. पण बैठकीला ज्यांना सवड आहे तेच येतात. त्या इमारतीत उद्या राहायला येणारं कुटुंब तिथे नसतंच, आणि मला हे फार खुपतं.

म्हणून नियमात बसणाऱ्या साध्या घरांना थेट मंजुरी द्यावी. वस्तीजवळ कारखाना किंवा मोठं गोदाम येणार असेल, तर मात्र सुनावणी हवीच, आणि तीही आराखडा पक्का होण्याआधी.