दिवाळीची भेट : 'मदतीचा' माल, संस्थेतली वस्तू की सरळ देणगी?

दिवाळी जवळ आली की दुकानांत अशी पाकिटं दिसू लागतात, ज्यांवर लिहिलेलं असतं : 'या खरेदीतला काही भाग मुलींच्या शिक्षणासाठी.' तुम्हाला ५०० रुपये खर्चायचेच आहेत, तर समोर तीन वाटा आहेत. मी तिन्ही सारख्या मोलाच्या मानत नाही.

पहिली, कंपनीचा असा माल. तो भाग किमतीचा की नफ्याचा? नफ्याचा असेल तर नफा किती झाला हे कंपनीच सांगणार. शिवाय मदतीची कमाल रक्कम आधीच ठरलेली असेल, तर ती भरल्यावर तुमच्या पाकिटातून संस्थेला एक रुपयाही जादा जात नाही. अमेरिकेत हे फार झालं. २००२मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने स्तनांच्या कर्करोगासाठी कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट देऊ केला. खरेदी दहा डॉलरची असो की हजाराची, सेंट एकच. त्याच वर्षी 'ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन' या संघटनेने या कर्करोगाविषयीच्या जागृतीचं चिन्ह असलेली गुलाबी फीत लावून विकल्या जाणाऱ्या मालाला जाब विचारणारी मोहीम उघडली. योप्लेट दह्याच्या डब्याचं झाकण टपालाने पाठवलं की कंपनी या कर्करोगाच्या कामाला दहा सेंट देई. म्हणजे शंभर डबे संपवा, तेव्हा दहा डॉलर, वर टपालखर्च तुमचा!

तरी वस्तू विकून मदत उभी करणं मुळातच खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. त्याच देशात १९९८मध्ये या कर्करोगाच्या संशोधनासाठी टपाल तिकीट निघालं. तेव्हा साधं तिकीट ३२ सेंटांचं, हे ४० सेंटांचं. टपालखात्याचा खर्च वजा जाता वरच्या पैशांतले ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थेला आणि ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाला, हे कायद्यानेच ठरवलेलं. त्यातून आठ कोटी डॉलरहून अधिक उभे राहिले. हिशेब आधी ठरला की असं होतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारायला हवी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. पाकिटावरची मदत त्यातलीच की त्याहून वेगळी?

दुसरी वाट, संस्थेतच बनलेल्या वस्तू. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनात कुष्ठमुक्त आणि अपंग माणसं हातमागावर कापड विणतात. बाबांचा भर भिकेवर नव्हता, श्रमावर होता. इथे तुम्ही देता ती मजुरी आणि कच्च्या मालाची किंमत. करसवलत नाही, आणि ती नसणंच योग्य आहे. भेट द्यायचीच असेल तर माझं मत ठामपणे याच वाटेला. फक्त वस्तू तिथेच बनली आहे ना, की बाहेरून आणून नाव छापलंय, एवढं विचारा.

तिसरी, सरळ देणगी. भेटवस्तू नकोच असेल तर पूर्ण ५०० रुपये संस्थेलाच द्या. पात्र संस्था असेल तर जुन्या करप्रणालीत देणगीवर आयकराची सवलत मिळते. नव्या प्रणालीत नाही. २,००० रुपयांवरची देणगी रोखीने दिल्यास सवलत जाते, आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. संस्था त्यातून कार्यकर्त्यांचे पगार करते म्हणून नाक मुरडू नका. काम माणसंच करतात.

पहिल्या वाटेला मी जाते ते तेव्हाच, जेव्हा पाकिटावर दर नगामागे किती रुपये, कोणत्या संस्थेला आणि कमाल रक्कम किती, हे तिन्ही छापलेलं असतं.