डबा होता, आतला फिल्टर गायब होता

जर्मनीत सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेचार हजार युरो अडकलेत आणि पाच महिने मनस्तापात गेलेत.

गाडी २०१९ची, सहा सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. डीलरने अंगणात सुरू करून दाखवली. थंड इंजिन धडाडून उठलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून बारांची माळ लागत होती. अंगावर काटा आला. खरं तर त्या आवाजानेच मला शंका यायला हवी होती.

कारण २०१९ची गाडी तशी वाजत नाही. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरमध्येच पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांतून काजळीचे अतिसूक्ष्म कण निघतात. युरोपात त्यांची मर्यादा आधी दसपट सैल होती. ती किलोमीटरमागे ६० हजार कोटी कणांवर आणली गेली. नव्या मॉडेलांना सप्टेंबर २०१७पासून, विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना सप्टेंबर २०१८पासून. त्यामुळे सायलेन्सरच्या वाटेत कण अडवणारा फिल्टर आला. इथे त्याला ओपीएफ म्हणतात. आत सिरॅमिकची जाळी असते, एकाआड एक बुजवलेल्या नळ्यांची. धूर भिंतींतून पाझरून जातो, काजळी अडकते आणि फिल्टर पुरेसा तापलेला असताना पाय उचलला की मिळणाऱ्या ऑक्सिजनवर जळून जाते. या जाळीने धुराला अडथळा होतो, आवाज दबतो. म्हणूनच फिल्टरआधीच्या गाड्यांना शौकिनांत जास्त भाव आहे, आणि म्हणूनच काही जण नव्या गाड्यांचा फिल्टर पोखरून काढतात.

मी विचारलं होतं, ‘काही बदल केलेत का?’ ‘सगळं ओरिजिनल,’ असं तो तोंडावर म्हणाला. करारावर विक्रेता म्हणून मात्र मी कधी न पाहिलेल्या एका माणसाचं नाव होतं. ‘गाडी गिऱ्हाईकाची आहे, मी फक्त त्याच्या वतीने विकतो.’ डीलरवर कायद्याने येणारी दोषांची जबाबदारी टाळायची ही जुनी युक्ती आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खाली बारीक अक्षरांत ‘जशी पाहिली तशी घेतली’ हेही होतं. मी सही केली.

चार महिन्यांनी तांत्रिक तपासणीची तारीख आली. गाडी लिफ्टवर चढली. तपासनिसाने बॅटरीचा झोत टाकला आणि मला खाली बोलावलं. फिल्टरच्या डब्याभोवती हाताने केलेलं वेल्डिंग होतं, कुठे जाड, कुठे बारीक, कडेला निळसर डाग. मग त्याने संगणक जोडला. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर नेलं तरी फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक शून्यापाशीच राहिला. आत जाळीच नव्हती. इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेलं, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा कधी पेटलाच नाही.

गाडी नापास झाली. त्याहून गंभीर म्हणजे धूर किंवा आवाज वाढवणारा असा बदल केला की गाडीची रस्त्यावर चालवण्याची मंजुरीच रद्द होते. म्हणजे चार महिने मी बेकायदा गाडी चालवत होतो, बायकोमुलाला बसवून.

ओरिजिनल भाग आणि सॉफ्टवेअर पूर्ववत करणं यात साडेचार हजार गेले. डीलर फोन उचलत नाही. वकिलाने मात्र धीर दिला: दोष माहीत असून लपवला असेल, तर जर्मन नागरी कायद्याच्या कलम ४४४नुसार ‘जशी पाहिली तशी’चा आधार विक्रेत्याला घेता येत नाही. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात करार रद्दही करता येतो. नोटीस गेली आहे. जुना डबा मी फेकला नाही, पुरावा म्हणून ठेवलाय.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा ती आधी लिफ्टवर चढवून घ्या, त्याचे पन्नास-शंभर युरो गेले तरी चालतील. नोंदणीपत्रातल्या यू.१ रकान्यात उभ्या गाडीच्या आवाजाचे डेसिबल असतात, ते प्रत्यक्ष मोजून ताडून बघा. आणि ‘ओपीएफ ओरिजिनल आहे, सॉफ्टवेअर बदललेलं नाही’ हे वाक्य करारात लिहून मागा. विक्रेता का-कू करू लागला, तर तिथूनच परत फिरा.